बर्फाच्या छपराखालचे दोन हिरवे जीव

मृगाचा पाऊस सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले की आपल्याकडे जुन्या भिंती, विहिरींचे कठडे आणि परसातल्या फरशा हिरव्या दिसू लागतात. त्याच सुमारास डबक्यांत आणि तळ्यांच्या कडेला हिरव्या केसांसारखे पुंजके तरंगू लागतात. भिंतीवरच्या हिरवाईला आपण शेवाळ म्हणतो आणि पाण्यातल्या हिरवाईलाही शेवाळच म्हणतो. दोन्हींवरून पाय सारखाच घसरतो, म्हणून व्यवहारात एका शब्दावर भागते. विज्ञानात मात्र ते भागत नाही.

पुढच्या पावसाळ्यात एक साधे भिंग हाती घ्या आणि दोन्ही प्रकार नीट पाहा. भिंतीवरची मखमली गादी म्हणजे शेकडो चिमुकल्या रोपांची दाटी असल्याचे तुम्हांला दिसेल. प्रत्येक रोपाला खोडासारखा उभा भाग, त्याभोवती बारीक पाने आणि खाली आधारासाठी धाग्यांसारखे मूलाभ असतात. कधीकधी टोकाशी उंच दांडीवर एक इवलीशी कुपी दिसते. ती बीजाणुधानी. ही झाली मॉस, म्हणजे हरिता. पाण्यातल्या पुंजक्यात यांतले काहीच सापडणार नाही. खोड नाही, पान नाही, मूलाभही बहुधा नाहीत. पेशीला पेशी जोडून झालेला नुसता लांबच लांब तंतू. हे शैवाल.

या दोन गटांतील एकेका जीवाची आज ओळख करून घेऊ. एक आहे गोड्या पाण्यातले शैवाल, मारिमो. दुसरी आहे उंच पर्वतांवरील मॉस, टाकाकिया. दोन्ही आज धोक्यात आहेत. गंमत अशी की, पहिल्याला जगभर ‘मॉस’ म्हणून विकले जाते, पण ते मॉस नाही. दुसरी खरोखर मॉस आहे, पण ते सिद्ध व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागली. नावांचा हा घोटाळा बाजूला ठेवला तरी या दोघांची तुलना करण्याजोगी आहे. कारण एकमेकांपासून इतके दूर असलेले हे जीव एकाच प्रकारच्या संकटात सापडले आहेत.

चेंडूसारखे शैवाल

जपानच्या उत्तरेस होक्काइदो नावाचे मोठे बेट आहे. तेथील आकान सरोवराच्या उथळ भागात, तळाशी, हिरव्यागार मखमली चेंडूंचे थरच्या थर पसरलेले असतात. काही चेंडू लिंबाएवढे, तर काही पायाने खेळायच्या चेंडूएवढे, म्हणजे २५-३० सेंटिमीटर व्यासाचे. १८९८ मध्ये कावाकामी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांना ‘मारिमो’ हे नाव दिले. मारी म्हणजे खेळायचा चेंडू आणि मो म्हणजे पाण्यातील वनस्पती.

युरोपला हे शैवाल त्याआधीच माहीत होते. लिनियसने १७५३ मध्ये त्याची नोंद केली होती. त्याचे आजचे शास्त्रीय नाव एगाग्रोपायला लिनाय असे आहे. एगाग्रोपायला म्हणजे रानबोकडाच्या पोटात सापडणारा केसांचा गोळा! मारिमो हातात घेतला तर हे नाव किती नेमके आहे ते पटते. त्याच्या आत बी नाही, गाभा नाही, दगडही नाही. फांद्या फुटलेले असंख्य तंतू एकमेकांत गुंतून आणि मध्यापासून बाहेरच्या दिशेने वाढून हा गोळा तयार होतो. त्याची वाढ फार संथ. वर्षाला सुमारे पाच मिलिमीटर असा आकडा सामान्यतः दिला जातो. पाण्याच्या परिस्थितीप्रमाणे तो कमी-अधिक होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे शैवाल नेहमी गोळ्याच्याच रूपात राहते असे नाही. दगडाला चिकटलेले तुरे किंवा तळाशी सुटी पडलेली जाळी, अशा रूपांतही ते सापडते. गोल आकार ही त्याची जन्मजात सक्ती नव्हे. तो आकार त्याला सरोवर देते. म्हणून गोळे आढळणारी सरोवरे जगात मोजकीच आहेत.

आणखी एक नवल सांगतो. पाठ्यपुस्तकात तुम्ही स्पायरोगायराची आकृती काढली असेल. स्पायरोगायरा आणि मारिमो ही दोन्ही हिरवी, तंतुमय, गोड्या पाण्यातील शैवाले. पण वंशावळ पाहिली तर स्पायरोगायराचे नाते मारिमोपेक्षा भिंतीवरच्या मॉसशी अधिक जवळचे आहे! मारिमोची शाखा आणि जमिनीवरील वनस्पतींच्या पूर्वजांची शाखा फार पूर्वीच, वनस्पती जमिनीवर येण्याच्याही कितीतरी आधी, वेगळ्या झाल्या. दिसण्यातील साम्य आणि नाते या गोष्टी एक नव्हेत.

‘हे आहे तरी काय?’

आता दुसऱ्या जीवाकडे वळू. त्यासाठी आपल्याला सरोवराच्या तळापासून निघून हिमालयात जावे लागेल. जोसेफ हूकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ ते १८५० या काळात सिक्कीममध्ये हिंडला आणि त्याने हजारो वनस्पतींचे नमुने गोळा केले. त्यांतच एक सेंटिमीटरभर उंचीची एक हिरवी वनस्पती होती. १८६१ मध्ये मिटन या अभ्यासकाने तिचे वर्णन केले आणि तिला यकृतकांच्या, म्हणजे मॉसच्या चुलत नातेवाइकांच्या गटात टाकले. मर्केंशिया आणि रिक्सिया या वनस्पती तुम्ही अभ्यासल्या असतील, त्या याच यकृतकांपैकी.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी नोरिओ ताकाकी या जपानी शास्त्रज्ञाला जपानच्या उंच पर्वतांत अशीच एक विचित्र वनस्पती मिळाली. तिची पाने सपाट नव्हती. ती बोटांसारखी गोलसर, तळापासून दोन-तीन फाटे फुटलेली होती आणि जरा धक्का लागला की मोडत होती. मूलाभ तर नव्हतेच. शैवाल म्हणावे, यकृतका म्हणावे की मॉस, हे कोणालाच ठरवता येईना. जपानी लोकांनी तिला जे नाव दिले त्याचा अर्थ साधारणपणे ‘हे आहे तरी काय?’ असा होतो! १९५८ मध्ये तिचे रीतसर वर्णन प्रसिद्ध झाले आणि ताकाकींच्या नावावरून तिला टाकाकिया म्हटले गेले. सिक्कीमची जुनी वनस्पती याच कुळातली असल्याचे पुढे लक्षात आले. आज जगात टाकाकियाच्या दोनच जाती ज्ञात आहेत.

कोडे सुटले ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. अलास्काजवळच्या ॲल्यूशियन बेटांवर टाकाकियाच्या बीजाणुधान्या प्रथमच सापडल्या. त्या मॉसच्या घडणीच्या होत्या. फक्त त्या उघडतात त्या एका मळसूत्री चिरेने. म्हणजे ही मॉसच, परंतु मॉसच्या वंशवृक्षावरून फार लवकर फुटलेली एकाकी फांदी.

किती लवकर? २०२३ मध्ये चिनी आणि जर्मन शास्त्रज्ञांनी टाकाकियाच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे हा वंश सुमारे ३९ कोटी वर्षांचा आहे. भारतीय भूखंड आशियाला भिडून हिमालय वर येऊ लागला, त्याला सुमारे ५ कोटी वर्षे झाली. अर्थात टाकाकिया हिमालयात चढून गेलेली नाही. ती जिथे होती ती जमीनच कोट्यवधी वर्षांत हळूहळू वर उचलली गेली आणि तिच्याबरोबर टाकाकियाही वर गेली. वाटेत थंडी वाढली, हवा विरळ झाली, किरणांचा मारा वाढला. प्रत्येक पिढीत थोडाथोडा बदल साठत गेला. बाहेरचे रूप पुरातनच राहिले, पण आतली जनुके झपाट्याने बदलत गेली. किरणांमुळे झालेली मोडतोड दुरुस्त करण्याशी संबंधित जनुकेही त्यांत आहेत.

गोळा कसा टिकतो?

या दोघांच्या संकटाचे मूळ समजायचे तर आधी थोडे पदार्थविज्ञान पाहावे लागेल.

मारिमोपासून सुरुवात करू. वनस्पतीला प्रकाश हवा. गोळ्याचा खालचा भाग तर सदा अंधारात, मग तो मरत कसा नाही? उत्तर सोपे आहे. गोळा फिरत राहतो. वाऱ्यामुळे पृष्ठभागावर लाटा उठतात आणि त्यांच्याखालचे पाणी गोल गोल हेलकावे घेते. उथळ तळावर हे हेलकावे पोहोचले की गोळे जागच्या जागी डुलतात, वळतात, एकमेकांवर घासतात. त्यामुळे सर्व बाजूंना आळीपाळीने प्रकाश मिळतो, अंगावर बसलेला गाळ झटकला जातो आणि आकार गोल राहतो.

पण लाटांचा हा प्रभाव खोलीबरोबर फार लवकर ओसरतो. लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर पाण्याची ही हालचाल पृष्ठभागाच्या मानाने जेमतेम चार टक्के उरते. समजा, लाटेची लांबी ४ मीटर आहे. मग २ मीटर खोलीवर पाणी जवळजवळ स्वस्थच असणार. म्हणजे सरोवराची पातळी एखाद-दोन मीटरने वर-खाली झाली तरी मारिमोचे जग बदलते. पाणी वाढले तर गोळे वळेनासे होतात. घटले तर लाटा त्यांना किनाऱ्यावर फेकतात.

दुसरी गोष्ट आकाराची. गोळ्याचा व्यास दुप्पट झाला की पृष्ठफळ चौपट होते, पण घनफळ आठपट होते. प्रकाश पृष्ठभागातून आत येतो आणि बाहेरच्या थरातच शोषला जातो. तेव्हा गोळा जितका मोठा, तितका त्याचा अधिकाधिक भाग अंधारात. फार मोठे गोळे आतून पोकळ होतात आणि कधीतरी फुटतात. फुटलेल्या तुकड्यांपासून पुन्हा नवे गोळे तयार होतात. मारिमोची वाढती पिढी मुख्यतः अशी, तुकड्यांतून येते. टाकाकियाचेही तसेच आहे. तिची ठिसूळ पाने मोडून पडतात आणि त्या तुकड्यांपासून नवी रोपे उगवतात. दूरवर पसरण्याचे साधन दोघांपाशीही तोकडे आहे, हे साम्य लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज लागेल.

प्रकाश हवा, पण किती?

प्रकाशसंश्लेषणाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पहिल्या भागात हरितद्रव्य प्रकाश शोषून ऊर्जा मिळवते. दुसऱ्या भागात ती ऊर्जा वापरून कर्बद्विप्राणिल वायूपासून साखर बनते. प्रकाश शोषण्याच्या क्रियेवर तापमानाचा फारसा परिणाम होत नाही. साखर बनवणारी विकरे मात्र थंडीत मंदावतात. याचा अर्थ काय? थंड पाण्यात प्रखर प्रकाश पडला तर ऊर्जेची आवक भरपूर, पण खर्च तुटपुंजा. उरलेली ऊर्जा पेशीतच धुमाकूळ घालते आणि प्रकाश शोषणाऱ्या यंत्रणेचीच मोडतोड करते. गिरणीत धान्य ओतत राहावे आणि जाते मात्र मंद फिरावे, तसा हा प्रकार.

मग आकानच्या कडक हिवाळ्यात, पाणी शून्याजवळ असताना, मारिमो जगतो कसा? येथे पाण्याचा एक आगळा गुणधर्म मदतीला येतो. पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जास्त असते. त्याहून थंड पाणी हलके होऊन वर राहते, म्हणून सरोवर वरून गोठते. तळाशी पाणी द्रवरूपच राहते, आणि वर बर्फाचे व त्यावर साचलेल्या हिमाचे छप्पर तयार होते. हे छप्पर ऐन थंडीत प्रकाशही रोखून धरते. आवक कमी, खर्च कमी, हिशेब जुळतो.

आता बर्फाचे हे छप्पर पातळ झाले किंवा पुरेसे टिकलेच नाही तर काय होईल? जपानी शास्त्रज्ञांनी मारिमोच्या पेशींना थंड पाण्यात प्रखर प्रकाश देऊन हे पाहिले. त्यांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रकाशाचा मारा चार तासांपर्यंत असेल आणि नंतर सौम्य प्रकाश मिळाला तर पेशी आपली दुरुस्ती करू शकल्या. सहा तास किंवा अधिक मारा झाला, तेव्हा मात्र त्यांना सावरता आले नाही. हिवाळ्यातील एक उघडा, निरभ्र दिवस किती तासांचा असतो, याचा विचार तुम्हीच करा.

हिमाची गोधडी

टाकाकियाचे छप्पर आणखी वेगळे आहे. तिबेटमध्ये ती ४००० मीटरहून अधिक उंचीवर राहते. आपल्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे. त्याच्या जवळजवळ अडीचपट ही उंची झाली. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो. हवा विरळ, म्हणून सूर्याचे जंबुपार म्हणजेच अतिनील किरण गाळणारी चाळणीही विरळ. दर १००० मीटर उंचीला या किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते, असा ढोबळ नियम आहे. हे किरण जनुकांचे धागे तोडतात.

अशा ठिकाणी टाकाकिया वर्षातले सुमारे आठ महिने हिमाखाली काढते. ताज्या भुसभुशीत हिमात नव्वद टक्क्यांपर्यंत हवाच असते, आणि कोंडलेली हवा उष्णतेची दुर्वाहक. म्हणून हिमाचा थर गोधडीसारखे काम करतो. वर हवेचे तापमान शून्याखाली कितीही उतरले तरी खाली ते फार उतरत नाही. शिवाय ताजे हिम त्यावर पडलेल्या जंबुपार किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परतवून लावते. गोधडी आणि छत्री, दोन्ही कामे एकच हिम करते. उरलेल्या चार महिन्यांत टाकाकियाला वाढ, दुरुस्ती आणि पुढच्या हिवाळ्याची तयारी, सारे उरकावे लागते.

म्हणजे पाहा. एक जीव पाण्यात, दुसरा पर्वतावर. एक शैवाल, दुसरी मॉस. तरी दोघांच्या जगण्याची युक्ती एकच. कडक हवामानात राहायचे, पण गोठलेल्या पाण्याच्या छपराखाली.

छप्पर उडाले तर

तिबेटमधील टाकाकियाच्या वसाहतींचे निरीक्षण शास्त्रज्ञांनी २०१० पासून दहाएक वर्षे केले. त्या काळात तेथील तापमान वाढत गेले आणि जवळची हिमनदी वर्षाला सुमारे ५० मीटर मागे सरकत गेली. टाकाकियाने व्यापलेली जागा दरवर्षी सुमारे १.६ टक्क्याने घटली. शेजारच्या इतर मॉसपेक्षा ही घट अधिक होती.

१.६ टक्के हा आकडा तुम्हांला किरकोळ वाटेल. पण चक्रवाढ व्याजाचे गणित उलटे करून पाहा. समजा, घट याच दराने चालू राहिली. दरवर्षी ०.९८४ भाग उरतो. दहा वर्षांनी उरेल सुमारे ८५ टक्के आणि ४३ वर्षांनी बरोबर निम्मे. ३९ कोटी वर्षांच्या वंशाची जागा माणसाच्या अर्ध्या आयुष्यात निम्मी! या शतकाच्या अखेरीस जगभरात टाकाकियाला राहण्याजोगी जागा केवळ १००० ते १५०० चौरस किलोमीटर उरेल, असा त्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मुंबई शहर व उपनगरांचे क्षेत्रफळ सुमारे ६०० चौरस किलोमीटर भरते. त्याच्या दोन-अडीच पटींत साऱ्या जगातली टाकाकिया! तिच्या दोन जातींपैकी सिक्कीमची जात निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेली आहे.

येथे कोणी विचारील, जिने हिमालयाची चढण सोसली ती या थोड्या उष्णतेने का हरावी? उत्तर वेगात आहे. हिमालय वर यायला कोट्यवधी वर्षे लागली. तेवढ्या काळात बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेणे जमले. आताचा बदल दशकांत होतो आहे. शिवाय टाकाकिया दूर पळूही शकत नाही. तुकड्यांनी पसरणाऱ्या जीवाची मजल ती किती? आणि जी वनस्पती आधीच पर्वताच्या माथ्याजवळ आहे, तिने आणखी वर जायचे तरी कोठे?

शत्रू जवळचा आणि शत्रू दूरचा

मारिमोची कथा थोडी निराळी आहे. त्याचे जुने शत्रू जवळचे होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकानभोवतीची झाडे तोडली गेली आणि मातीचा गाळ सरोवरात आला. विजेसाठी पाणी उपसले गेल्याने पातळी घटली. सरोवराच्या काही भागांतील मारिमो त्याच काळात नाहीसे झाले. वास्तविक १९२१ मध्येच जपान सरकारने मारिमोला नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षण दिले होते. पण कीर्ती वाढली तसे लोक शोभेसाठी गोळे चोरून नेऊ लागले. तेव्हा नेलेले मारिमो परत आणून सरोवरात सोडावेत अशी हाक दिली गेली आणि १९५० पासून आकानकाठी दर ऑक्टोबरात मारिमो उत्सव होऊ लागला. १९५२ मध्ये त्याला ‘विशेष नैसर्गिक स्मारक’ असा वरचा दर्जा मिळाला. आजही जपानच्या संकटग्रस्त जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे.

युरोपात इतके दैव बलवत्तर नव्हते. ऑस्ट्रियातील झेल सरोवरात एकोणिसाव्या शतकात हे गोळे विपुल होते. आज तेथे ते नाहीत. आइसलंडमध्ये मीवात्न नावाचे उथळ सरोवर आहे. तेथील कोळी जाळ्यात अडकणाऱ्या या गोळ्यांना वैतागून ‘गोल घाण’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत! २००६ मध्ये तेथे त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले. तरीही २०१४ च्या सुमारास त्यांचे मोठे ताफे नाहीसे झाल्याचे दिसून आले.

याचे सर्वसाधारण कारण असे. खते आणि सांडपाणी यांतून नत्र व स्फुरद पाण्यात येतात. त्यांवर सूक्ष्म शैवाले भराभर वाढतात, पाणी हिरवे-गढूळ होते आणि तळापर्यंत प्रकाश पोहोचत नाही. मेलेल्या सूक्ष्म जीवांचा गाळ गोळ्यांवर बसतो. म्हणजे मारिमो दोन्ही बाजूंनी कात्रीत सापडतो. उन्हाळ्यात गढूळ पाण्यामुळे प्रकाश अपुरा आणि हिवाळ्यात छप्पर विरळ झाल्यामुळे प्रकाश अति.

दोघांतला महत्त्वाचा फरक येथे दिसतो. मारिमोच्या निम्म्या संकटावर गावपातळीचा उपाय आहे. सांडपाणी अडवा, गाळ रोखा, पाण्याची पातळी सांभाळा, चोरी थांबवा. कुंपण घालून, पहारा ठेवून, कायदा करून बरेच साधते. टाकाकियाभोवती मात्र कितीही कुंपणे घातली तरी उष्णता अडत नाही. तिच्या डोंगरावर कारखाना नाही, शेत नाही, गर्दी नाही. तिचा शत्रू हजारो किलोमीटरवर कोळसा आणि तेल जाळणाऱ्या धुराड्यांत आहे. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत टाकाकिया वाढवून तिबेटमध्ये अन्यत्र लावून पाहिली आणि पाच वर्षांनीही त्यांतील काही रोपे जगलेली आढळली. हा दिलासा खरा, पण तो वेळ मिळवण्यापुरताच.

तुमच्यापैकी काहींनी शोभेच्या माशांच्या दुकानात ‘मॉस बॉल’ पाहिले असतील. त्याबद्दल एक सूचना. बाजारातील अनेक गोळे सुटे तंतू हाताने वळून केलेले असतात. २०२१ मध्ये अमेरिकेत अशा आयात गोळ्यांत झेब्रा शिंपले आढळले. हे शिंपले एकदा नदी-सरोवरात शिरले की पाण्याचे नळ बुजवतात आणि तेथील मूळ जीवांना हुसकावतात. तेव्हा माशांच्या काचपेटीतले पाणी किंवा वनस्पती, कोणतीही असो, ओढ्यात किंवा तळ्यात कधीही ओतू नका.

करून पाहा

हे दोन्ही जीव आपल्या अंगणात मिळणार नाहीत, पण त्यांचे गुण दाखवणारे त्यांचे दूरचे भाऊबंद मिळतील.

पहिला प्रयोग: काचेच्या बरणीत तळ्याचे पाणी घेऊन त्यात तंतुमय शैवालाचा पुंजका टाका. रात्रभर अंधारात ठेवा, मग सकाळी उजेडात ठेवून दर तासाला पाहा. तंतूंत प्राणवायूचे बुडबुडे अडकतील आणि पुंजका हळूहळू वर येईल. आर्किमिडीजचे तत्त्व आठवा. पाण्यात पुंजक्याचे वजन समजा २ ग्रॅम भरते, तर तो तरंगायला सुमारे २ घन सेंटिमीटर बुडबुडे पुरतात. मारिमोही असाच उजेडात वर येतो आणि अंधार पडल्यावर खाली जातो. ब्रिटिश शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की, किती लवकर वर यायचे हे त्याच्या अंगातील दैनंदिन घड्याळावरही अवलंबून असते.

दुसरा प्रयोग: उन्हाळ्यात भिंतीवरील वाळलेल्या, तपकिरी मॉसची लहानशी ढलपी घ्या. भिंगाखाली धरून तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाका. आखडलेली पाने काही मिनिटांत उलगडू लागतील. मॉसचा कणखरपणा कशाला म्हणतात ते डोळ्यांनी दिसेल.

शेवटी एक प्रश्न उरतो, तो तुम्ही वर्गात विचारालच. सेंटिमीटरभर मॉस आणि शैवालाचा एक गोळा नाहीसा झाला तर आपले काय बिघडते? टाकाकियाच्या पेशी किरणांनी झालेली मोडतोड कशी दुरुस्त करतात, मारिमोच्या पेशी थंडीत प्रकाशाचा अतिरेक कसा सोसतात, ही विद्या आपण आता कुठे वाचू लागलो आहोत. ती इतरत्र कोठेही लिहून ठेवलेली नाही. शिवाय हे दोघे कडक थंडी, अंधार आणि विरळ हवा यांना कधी शरण गेले नाहीत. तेच आता मागे हटत असतील, तर त्यांच्याभोवती काहीतरी फार वेगाने बदलते आहे, आणि तो वेग आपणच आणलेला आहे. तो कमी करणे हेही आपल्याच हाती आहे.

पुढच्या पावसाळ्यात भिंतीवर किंवा तळ्यात शेवाळ दिसेल तेव्हा ते खरवडून टाकण्याआधी क्षणभर भिंग लावा, आणि ‘हे आहे तरी काय?’ असे स्वतःला विचारा.